मोडायची जागा

अप्पांनी आयुष्यात बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, गोणपाटात गुंडाळलेला. निपाणीहून 1970 साली ते बंगळुरूला आले. जालहळ्ळीला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना होता, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने 1961 साली सुरू झालेला. तिथे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या खात्यात ते चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या काळी बंगळुरूत घराला पंखा लावणारा माणूस उधळ्या समजला जाई. अशा गावात हयात काढलेल्या माणसावर वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी बर्फ उपसायचं यंत्र दुरुस्त करायची वेळ आली, आणि तेही सातासमुद्रापलीकडचं.

यंत्र होतं अमेरिकेत, बफेलो शहराच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये, मुलाच्या गॅरेजात. शेजारचे म्हातारे गृहस्थ घर विकून लेकीकडे राहायला निघाले, तेव्हा जाता जाता त्यांनी ते दीडशे डॉलरला देऊन टाकलं होतं. नारिंगी रंग पोपडे धरून उडालेला, तीसेक वर्षांचं धूड. दोरी ओढली की इंजिन नुसता उसासा टाकायचं.

2022 चा सप्टेंबर होता. सकाळचे सात वाजले होते, म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. माई फिल्टरमधून डिकाशन उतरायची वाट बघत होत्या आणि फोन वाजला. अप्पांनी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं. मुलाचा फोन आला की ते असंच करत. गेली साडेसहा वर्षं.

भांडणाचं कारण कुणाला सांगावं तर हसू येईल. 2016 च्या जानेवारीत सरकारने एचएमटीच्या घड्याळ कंपन्या बंद करायचं ठरवलं, त्याच आठवड्यात मुलगा सुटीवर आला होता. जेवताना तो सहज म्हणाला, "अप्पा, आज ना उद्या हे होणारच होतं. चावीची घड्याळं आता वापरतं कोण?" त्यात खोटं काही नव्हतं, पण त्या रात्री ते बोलायचं नव्हतं. अप्पा म्हणाले, "त्या चावीच्या घड्याळांवरच तू इंजिनिअर झालास." त्यावर तो काही बोलला, त्यावर हे बोलले. माई पोळी वाढायच्या निमित्ताने मध्ये पडल्या, तर दोघंही त्यांच्यावरच घसरले. शेवटी अप्पा ताटावरून उठले. "यापुढे माझ्याशी बोलायचं कारण नाही," म्हणाले. मुलगा ठरल्यापेक्षा चार दिवस आधी परत गेला. पहिले काही महिने रागात गेले, पुढची वर्षं सवयीत गेली. फोन यायचे, माई बोलायच्या, अप्पा वर्तमानपत्राआड बसायचे.

त्या सकाळी फोनवर सून होती. "माई, अप्पा आहेत का जवळ? हे यंत्र काही केल्या सुरू होत नाही हो. इथला मेकॅनिक यंत्राच्या किमतीहून जास्त पैसे मागतो."

माईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी फोन कॉफीच्या डब्याला टेकवला आणि त्याचं तोंड वर्तमानपत्राकडे करून ठेवलं. पलीकडून दोरी ओढल्याचा आवाज आला. फुर्रर्र. पुन्हा फुर्रर्र. मुलाचा आवाज ऐकूनही न ऐकल्यासारखं करणं अप्पांना जमत होतं, पण आजारी इंजिनाचा आवाज ऐकून गप्प बसणं जमेना. वर्तमानपत्र चार बोटं खाली आलं.

"दोरी ओढू नकोस म्हणावं त्याला," अप्पा माईंना म्हणाले. "आधी प्लग काढ म्हणावं."

फोन समोरच होता, पलीकडे सगळं स्वच्छ ऐकू जात होतं. तरी माईंनी गंभीरपणे निरोप पोचवला, "अरे, प्लग काढ म्हणतायत."

मग यंत्र पूर्ण दाखवलं गेलं. पुढे रुंद तोंडाचा पत्र्याचा जबडा, त्यात आडवा फिरणारा स्क्रूसारखा दातेरी पाता, त्याच्या मागे पंखा, पंख्याच्या वर चिमणीसारखं धुराडं. पाता दोन्ही बाजूंचा बर्फ ओढून मध्ये आणतो, पंखा तो उचलतो आणि धुराड्यातून लांब भिरकावतो. अप्पांनी चष्मा वर केला. "अगं, हे तर मळणीयंत्र आहे!" ते माईंना म्हणाले. निपाणीकडच्या खळ्यावर कणीस आत आणि भूस बाहेर असं त्यांनी लहानपणी ढीगभर पाहिलं होतं. त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. कॅनडातल्या आर्थर सिकार्डने 1925 साली बर्फ फेकणारं पहिलं कामाचं यंत्र बनवलं, तेव्हा त्याच्याही डोळ्यांपुढे शेतावरचं मळणीयंत्रच होतं.

असली छोटी पेट्रोलवरची इंजिनं अप्पांना पाठ होती. बंगळुरूत वीज तासन्‌तास जायची, त्या काळात गल्लीतले अर्धे जनरेटर त्यांच्याच हातून गेले होते. "इंजिनाला तीनच गोष्टी लागतात म्हणावं. ठिणगी, पेट्रोल आणि हवा. कुठली नाही ते शोध म्हणावं." प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून दोरी ओढली, तर निळी ठिणगी उडाली. म्हणजे अडलं होतं पेट्रोलपाशी. कार्बोरेटरची वाटी सोडवली, तर आत मधासारखं घट्ट, पिवळं काहीतरी साचलेलं. वर्षानुवर्षं टाकीत राहिलेल्या पेट्रोलचं ते वार्निश झालं होतं. मुलाने वाटी धुतली, पुसली, परत बसवली, दोरी ओढली. उसासा.

"वाटीचा बोल्ट दाखव म्हणावं."

मुलाने बोल्ट कॅमेऱ्यापुढे धरला. साधा पितळी बोल्ट.

"नुसता बोल्ट समजू नकोस त्याला. उजेडात धर. अंगाला केसाएवढं भोक असेल बघ. सगळं पेट्रोल त्यातूनच वर चढतं. जुन्या वायरीची एक तार सोड आणि घाल त्यात. टाचणी नको, भोक मोठं होईल."

माईंनी कॉफी गाळता गाळता मान वर केली. या वेळी 'म्हणावं' आलं नव्हतं. त्यांनी काही दाखवलं नाही, फक्त अप्पांच्या कॉफीत साखर थोडी जास्त पडली.

तांब्याची तार भोकातून आरपार गेली. तिसऱ्या ओढीला यंत्र खोकलं, काळा धूर ओकलं आणि धडधडायला लागलं. नातू पलीकडे उड्या मारत होता. मुलगा हसत कॅमेऱ्याकडे वळला, पण अप्पांनी तोवर वर्तमानपत्र पुन्हा वर केलं होतं. ते उलटं होतं, एवढंच.

पुढचा दीड महिना सकाळी सातचा फोन ठरून गेला. पट्टे बदलले, तेल बदललं, पत्र्याचं भोक बुजवलं. अप्पा रोज एक गोष्ट बजावत. हात घालायच्या आधी प्लगची वायर काढायची, आणि धुराड्यात अडकलेलं काढायचं ते काठीने, हाताने नाही, यंत्र बंद असलं तरी नाही. मुलगा 'हो अप्पा' म्हणे. बोलणं यंत्रापलीकडे जात नसे, पण बोलणं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी एकदा मुलगा म्हणाला, "अप्पा, हे बघा. हा पुढचा पाता आतल्या शाफ्टला फक्त दोन बोल्टांनी धरलाय. एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि बोल्ट किती फालतू आहेत! मऊ धातू, त्यातही मधोमध खाच. एका तडाख्यात तुटतील. चांगले पोलादी घालू का?"

"नको. तेच राहू दे."

"पण का?"

"सांगितलं ना, राहू दे म्हणून."

कारखान्यातल्या किती तरी शिकाऊ पोरांनी अप्पांकडून हे वाक्य ऐकलं होतं. हुकूम अप्पा चोख देत, पण त्यामागचं कारण सांगायची त्यांना कधी सवय नव्हती. यंत्राच्या दांड्याला त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी कॉफीचा एक रिकामा डबा टांगून ठेवला होता. त्यात तसाच एक जादा मऊ बोल्ट, म्हणजे पिन होती. मुलाने ती हलवून पाहिली आणि परत टाकली. 'का' तसाच हवेत राहिला.

नोव्हेंबरच्या सतरा-अठरा तारखेला ईरी सरोवरावरून वारा सुटला. उबदार पाण्यावरून थंडगार हवा वाहते, वाफ उचलते आणि काठावरच्या गावांवर सगळी रिती करते. त्या तीन-चार दिवसांत एकट्या ऑर्चर्ड पार्कवर सुमारे 80 इंच बर्फ पडला, म्हणजे उंच माणूस उभा बुडेल इतका. गाड्या चालवायला बंदी, दुकानं बंद. मुलाने दार उघडलं तर दारापुढे पांढरी भिंत.

यंत्र मात्र नवसाला पावल्यासारखं चाललं. तासाला थोडं, पुन्हा तासाला थोडं, असं त्याने अंगण मोकळं केलं. खरी कसोटी फाटकापाशी होती. रस्ता साफ करणारा सरकारी नांगर जाता जाता कडेचा सगळा बर्फ घराच्या तोंडाशी लोटून जातो. तो भुसभुशीत नसतो, दगडासारखा घट्ट असतो. तिथे उजवीकडची पिन तुटली. पात्याची उजवी बाजू उभी राहिली, इंजिन आरामात चालू राहिलं. मुलाने डब्यातली पिन घातली. अर्ध्या तासात तीही तुटली.

बंगळुरूत तेव्हा रात्र होती. फोन करावा असं त्याच्या मनात आलं, पण करून काय ऐकायचं होतं? 'सांगितलं ना.' त्याने हत्यारांची पेटी धुंडाळली, त्याच मापाचा एक कडक पोलादी बोल्ट शोधला आणि ठोकून बसवला. आता बघतो कसा तुटतो ते.

बोल्ट खरोखरच तुटला नाही. दहा मिनिटांनी बर्फाखाली गाडलं गेलेलं एक वर्तमानपत्र पात्यात आलं. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेलं, आत पाणी गोठून लाकडाच्या ओंडक्यासारखं झालेलं. पाता त्यावर अडला. इंजिन मागून रेटतच होतं. पोलादी बोल्टाने हार मानली नाही, म्हणून ती दुसऱ्याला मानावी लागली. कडाड असा आवाज झाला. शाफ्टच्या पोटातल्या गिअरपेटीत पितळी रंगाचं, ब्रॉंझचं एक दातेरी चाक असतं, त्याचे दात किसणीवर किसल्यासारखे निघाले. दोन डॉलरचा बोल्ट वाचला. यंत्राचा जीवच गेला.

सकाळी फोन आला तेव्हा मुलाने काही न बोलता उघडलेली गिअरपेटी कॅमेऱ्यापुढे धरली. काळ्या तेलात सोनेरी किस तरंगत होता. मग त्याने तो पोलादी बोल्ट दाखवला. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

अप्पांचा चेहरा लाल झाला. "तुला सांगितलं होतं ना! तुझ्या डोक्यात…"

माईंनी पेला ओट्यावर आपटला. जोरात नाही, पण कॉफी सांडेल इतका.

"जरा थांब रे, तुला नंतर फोन करतो," एवढं बोलून अप्पांनी फोन ठेवला. "काय झालं?"

"काही नाही. ती पिन मऊ का असते तेवढं मला सांगा."

अप्पा सांगायला लागले. हेच विचारायला कुणीतरी हवं होतं, असं त्यांना वाटलं. "अगं, ती मुद्दाम मऊ केलेली असते. काही अडकलं की आधी तिने तुटायचं, म्हणजे मागचं महागाचं सामान वाचतं. आपल्या जुन्या घरचा किटकॅट फ्यूज आठव. त्यात बारीक तार असायची. ती जळाली की माणसं वैतागून जाडी तार घालायची. मग तार जळायची नाही, भिंतीतलं वायरिंग जळायचं."

"म्हणजे कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखं."

"अगदी तसंच."

माईंनी सांडलेली कॉफी पुसली. फडकं पिळलं, दोरीवर टाकलं, आणि मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सोळा सालच्या त्या रात्री तुम्ही दोघंही पोलादी होतात. मध्ये कोण आलं होतं, आठवतंय? तुमचं त्याच्याशी वाजलं की मी तुटायची, त्याचं तुमच्याशी वाजलं की मी तुटायची. चाळीस वर्षं या घरातली ती पिन मी होते. तुमच्या यंत्राची दुकानात दुसरी मिळते. माझी मिळत नाही."

अप्पा काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रही वाचलं नाही.

रात्री झोपण्यापूर्वी त्यांनी सवयीने मनगटावरचं घड्याळ काढलं. एचएमटी जनता, कारखान्यातूनच घेतलेलं. तबकडीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, सतरा ज्वेल्स, पॅराशॉक. हे शब्द त्यांनी आयुष्यभर रोज पाहिले होते. घड्याळात सतत मागे-पुढे फिरणारं एक चाक असतं. त्याच्या दांडीचं टोक इतकं बारीक की घड्याळ टेबलावरून पडलं तरी मोडावं. म्हणून ते टोक ज्या माणकात टेकतं, ते माणिक घट्ट ठोकून बसवत नाहीत, एका नाजूक स्प्रिंगने धरून ठेवतात. धक्का बसला की माणिक किंचित सरकतं, धक्का जिरवतं आणि परत जागेवर येतं. एवढंसं हलण्याची मुभा ठेवली म्हणून ते घड्याळ किती तरी वेळा पडूनही टिकटिकत होतं. दुसऱ्यांच्या मनगटांसाठी ज्या कारखान्याने अशी लाखो घड्याळं घडवली, तिथे उमेद घालवलेल्या माणसाला स्वतःत मात्र तेवढी मुभा ठेवता आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला नाही. अप्पांनीच लावला. जवळजवळ सात वर्षांत पहिल्यांदा. माई स्वयंपाकघरात होत्या, बाहेर आल्या नाहीत.

"हे बघ," अप्पा म्हणाले. घसा खाकरला. "चूक माझी झाली. तू 'का' विचारलंस, मी कारण सांगितलं नाही. कारण कळलं असतं तर तू तो बोल्ट घातला नसतास."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. अप्पांना वाटलं लाइन गेली.

"मी पण फोन करायला हवा होता," मुलगा म्हणाला. "रात्र होती म्हणून केला नाही, असं मी स्वतःला सांगितलं." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "अप्पा, जनता चालतं अजून?"

"रोज सकाळी सातला चावी देतो."

दोघांनीही त्या रात्रीचं नाव काढलं नाही.

मग गिअरपेटीचं बाळंतपण सुरू झालं. जुन्या यंत्रांच्या एका भंगारवाल्याकडे तसंच चाक मिळालं. पण ते बसवायला पाता शाफ्टवरून उतरवायला हवा होता. उजवी बाजू सहज निघाली. डावी मात्र हलेना. गंज आत जाऊन पाता आणि शाफ्ट एकजीव झाले होते. मुलगा म्हणाला, "अप्पा, या बाजूची पिन मात्र एकदाही तुटली नाही. मला वाटायचं ही बाजू मजबूत आहे."

अप्पा पुढे झुकले. "मजबूत कसली? ही पिन तुटली असती तरी काही उपयोग नव्हता. पाता शाफ्टवर मोकळा फिरला तरच पिन तुटण्याला अर्थ. म्हणून वर्षातून एकदा पिन काढून, पाता हाताने फिरवून, ग्रीस भरायचं असतं. ते कुणी केलं नाही." बोलता बोलता ते थबकले. त्यांच्याही घरात साडेसहा वर्षं काही तुटलं नव्हतं. आवाज नाही, वाद नाही. लोक म्हणायचे, किती शांत घर. "भांडण होत नाही म्हणजे सगळं ठीक असतं असं नाही रे," एवढंच ते म्हणाले. "कधी कधी नुसता गंज चढलेला असतो."

डावी बाजू सोडवायला तीन आठवडे लागले. रोज तेल सोडायचं, थोडं तापवायचं, लाकडाच्या हातोडीने हळू ठोकायचं, आणि उद्या पुन्हा. घाईने जोर लावला असता तर शाफ्ट वाकला असता. नाताळच्या सुमारास बफेलोवर त्याहून जीवघेणं वादळ आलं, तेव्हा यंत्र सुटं होऊन गॅरेजात पडलेलं होतं. मुलाने फावड्याने बर्फ ओढला. जानेवारीत ते उभं राहिलं. त्या हिवाळ्यात आणखी तीन पिना तुटल्या. प्रत्येक वेळी मुलगा तुकडे हातात धरून फोन करायचा, आणि अप्पा म्हणायचे, "वा! काम केलं तिने."

मार्चमध्ये अप्पा बसने पीण्याला गेले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत गल्लोगल्ली लेथवाले आहेत. एका ओळखीच्या दुकानात त्यांनी कागदावर चित्र काढून दिलं. बोटभर लांब, पाव इंच जाड, मधोमध खाच.

"किती मजबूत हवी, सर?" लेथवाल्याने विचारलं.

"तुटेल इतकी."

"अय्यो! तुटायला कशाला करायची? स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, सर. स्टीलची करून देतो, जन्मभर तुटणार नाही."

"जन्मभर तुटलो नाही, तेच तर चुकलं," अप्पा म्हणाले. लेथवाल्याला ते काही कळलं नाही. पण गिऱ्हाईक म्हातारं होतं आणि पैसे रोख देत होतं. त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या सहा पिना करून दिल्या.

मे महिन्यात मुलगा, सून आणि नातू आले. अप्पांनी एक पिन मुलाला दिली, एक सुनेला, एक स्वतःच्या खिशात ठेवली. "ही यंत्रात घालायची नाही," त्यांनी बजावलं, आणि या वेळी कारणही सांगितलं. "यंत्राला त्याच्या कंपनीचीच पिन लागते, कितीला तुटायची ते तिथे मोजून ठरवलेलं असतं. ही खिशासाठी आहे."

मग त्यांनी एक माईंपुढे धरली. माईंनी हात पुढे केला नाही.

"मला नको. या घरात मी आता गिअरपेटी आहे."

परतीच्या दिवशी विमान रात्री होतं. हेब्बाळच्या पुलावर गाड्या तुंबतात म्हणून सहा तास आधी निघायचं, हे अप्पांचं म्हणणं. तीन तास पुरतात, हे मुलाचं.

"तुम्हाला नेहमीच…" मुलाचा आवाज चढला.

"तुला काय माहीत इथलं? तू तिकडे…" अप्पांचाही चढला. माई दारातून आत येत होत्या, त्या उंबऱ्यावरच थांबल्या. मध्ये आल्या नाहीत.

जेवणाच्या टेबलावर टक्‌ असा आवाज झाला. त्याच्या मागोमाग दुसरा. दोघांनीही एकाच वेळी खिशात हात घातला होता. टेबलावर दोन पिना शेजारी शेजारी पडल्या होत्या. नातू म्हणाला, "आता दोघांच्या तुटल्या. मग निघायचं कधी?"

ते साडेचार तास आधी निघाले. हेब्बाळला गाड्या तुंबल्या होत्या, तरी वेळेत पोचले. निघताना मुलाने आपली पिन आठवणीने उचलून खिशात टाकली. मोडली तरी पुन्हा वापरता येणारी पिन जगात ही एकच, मनातल्या मीपणाची.

तात्पर्य : कुठे तुटायचं ते आधी ठरवून ठेवलं नाही, तर घरातलं सगळ्यात मोलाचं तुटतं. मोडायचीच वेळ आली तर आपला हट्ट मोडावा, कारण तो स्वस्त असतो. त्याच्या जागी दुसऱ्या माणसाला मोडायला लावू नये.